आमच्या वेळेचा हिशेब: पदवी विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,
तसेच राज्याचे मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री

विषय: बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे रोजचे प्रश्न आणि पदवीनंतरची वाट

महोदय,

आम्ही मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत पदवीचे शिक्षण घेणारी मुले-मुली आहोत. आमच्यातले निम्म्याहून अधिक एसटीने ये-जा करतात, काही शहरात कॉट बेसिसवर राहतात. काहींचे आईवडील दिवाळी उरकली की कोयते बांधून कारखान्याची वाट धरतात, आणि पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी तेव्हाच असते. नीट आणि जेईईच्या मुलांचे फोटो चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर असतात. त्याबद्दल आमची असूया नाही. पण बी.ए.च्या मुलाची बातमी मोर्चा काढल्याशिवाय होत नाही, म्हणून मोर्चाआधी हे सविस्तर लिहून देत आहोत.

आमच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. विद्यापीठ, शासन, भरती करणारी मंडळे, सगळ्यांनी आमचा वेळ फुकट धरला आहे. परीक्षा अर्ज भरायला एक दिवस उशीर झाला की आम्हाला विलंब शुल्क लागते. निकालाला महिनाभर उशीर झाला तर कोणाला काहीच लागत नाही. या पत्रात पैशाच्याही मागण्या आहेत, पण त्याआधी आम्हाला तारखा हव्या आहेत आणि त्या मोडल्या तर कोणीतरी जबाबदार हवे आहे.

निकाल

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सालचा आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काहीही झाले तरी तो ४५ दिवसांच्या आत लावावा, असे त्यात म्हटले आहे. ते जमले नाही तर कारणांसह अहवाल कुलपतींना आणि शासनाला द्यायचा असतो. म्हणजे या बाबतीत आम्ही नवे काहीच मागत नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या घाईत निकाल रखडले, तेव्हा प्रकरण कुलगुरूंना पदावरून दूर करण्यापर्यंत गेले. ते राजधानीत घडले, कॅमेरे हाकेवर होते. तालुक्याच्या महाविद्यालयाचा निकाल साठाव्या दिवशी लागला तर त्याची दोन ओळींची बातमीही येत नाही.

उशीर का होतो हे आम्हाला कळत नाही असे नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राचे २० ते २२ श्रेयांक अनेक छोट्या विषयांत वाटले गेले. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी. यादी पाठ होईपर्यंत सत्र संपते. दोन श्रेयांकांच्या पेपरलाही प्रश्नपत्रिका लागते, गठ्ठे लागतात, मूल्यांकन केंद्र लागते आणि तपासणारा माणूस लागतोच. पेपर वाढले, तपासणारे वाढले नाहीत. मेहनताना वेळेवर मिळत नाही असे शिक्षक स्टाफरूममध्ये उघड बोलतात. अडचण खरी आहे. पण तिचा भार निकालाची वाट पाहणाऱ्याने का उचलायचा?

त्या वाट पाहण्याने काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. आमच्या संघटनेच्या एका सभासद मुलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात एका पेपरात 'अनुपस्थित' लागले. ती पेपरला हजर होती, हजेरीपटावर तिची सही होती. महाविद्यालयाने तसे पत्र दिले. ते घेऊन ती आणि तिचे वडील दोन गाड्या बदलून विद्यापीठात गेले. आवक खिडकीवर पत्रावर शिक्का बसला, आतल्या टेबलावर 'संबंधित मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या' असे उत्तर मिळाले. सोमवारी मॅडम होत्या, पण मूळ हजेरीपट दुसऱ्या विभागात होता. वडिलांची रोजंदारी प्रत्येक खेपेला बुडाली. दुरुस्त गुणपत्रिका हातात आली तोवर एम.एस्सी.च्या जागा भरून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू, असे घरात ठरले आणि दिवाळीनंतर तिचे लग्न झाले. निकाल लांबला की मुलाला गॅप पडतो, मुलीला स्थळ येते. हे विद्यापीठाच्या कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही, म्हणून इथे लिहिले.

निकालाबाबत आमच्या मागण्या अशा. परीक्षेच्या वेळापत्रकातच निकालाची तारीख छापावी. ३० दिवस उलटले की कोणत्या विषयाचे किती गठ्ठे तपासायचे राहिले, हे संकेतस्थळावर रोज दिसावे. 'अनुपस्थित' किंवा 'निकाल राखीव' अशा नोंदींची दुरुस्ती महाविद्यालयातूनच व्हावी आणि सात कामकाजी दिवसांत व्हावी. विद्यार्थ्याला विद्यापीठात बोलावू नये. निकाल विद्यापीठामुळे लांबला असेल तर पदव्युत्तर प्रवेश हमीपत्रावर तात्पुरता द्यावा. आणि ४५ दिवसांची मर्यादा ओलांडली तर त्या तुकडीला उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन विनाशुल्क मिळावे. आमच्याकडून विलंब शुल्क घेणाऱ्या व्यवस्थेने तेवढे स्वतःलाही लावून घ्यावे.

पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षांत समारंभाची वाट पाहायला लावू नये. पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून कोणाचे प्रमाणपत्र अडून राहू नये.

येणे-जाणे, खाणे-राहणे

सकाळच्या तासाला पोहोचायचे तर पहिली गाडी गाठावी लागते. ती चुकली की पुढची थेट नऊनंतर. प्रात्यक्षिके दुपारी संपतात, पण परतीची गाडी सायंकाळी. मधले तीन-चार तास बसस्थानकाच्या बाकड्यावर जातात. ग्रंथालयात बसा म्हणाल, तर ते साडेतीनला बंद होते. या तासांचा कधीतरी कोणी हिशेब करावा. आगारप्रमुख आणि प्राचार्य यांनी सत्राच्या आधी एकदा एकत्र बसून गाड्यांच्या वेळा लावल्या तरी खूप होईल, आणि याला रुपयाही लागत नाही.

विद्यार्थी पासात एसटी महामंडळ दोन तृतीयांश सवलत देते, याबद्दल आभारच. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. तेरावीला पाऊल टाकले की तो बंद होतो. म्हणजे जिथे मुलींची गळती होते त्याच उंबऱ्यावर आपण सवलत काढून घेतो. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत चालू ठेवावा, ही मागणी आम्ही थेट शासनाकडे करत आहोत. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींसाठी जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. बी.ए.च्या मुलीला निदान गाडीत बसू द्या.

शहरात राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त महागाची. एका खोलीत चार कॉट, कॉटखाली ट्रंक, भिंतीला एकच प्लग आणि त्यावर चार चार्जरची पाळी. मेसला सलग ठरावीक दिवस खाडा घातला तरच पैसे वळते होतात. दोन दिवसांसाठी गावी गेलात तर ताटही गेले आणि पैसेही. म्हणून अनेकांचा डबा अजून एसटीने येतो. दुपारी गाडी लागली की वाहकाच्या सीटमागून डबे उतरतात. कापडी पिशवी, दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी, आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमटीची बरणी. गाडीला उशीर झाला की आमटी आंबते. उन्हाळ्यात तर हमखास.

शासनाच्या योजना आहेत, त्या चांगल्या हेतूने आणल्या आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. मोठ्या शहरांसाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि किरकोळ निर्वाहाला ८,०००. निवासाचे वीस हजार दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला दोन हजार होतात. ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांनी आज एकदा पुण्यात कॉट शोधायला निघावे. त्याहून मोठा घोळ हा की हे पैसे बहुधा वर्ष सरता सरता किंवा सरल्यावर येतात. तोवर मेसवाल्या काकू आणि खोलीमालक उधारीवर शासनाची योजना चालवतात. काकूंना तरी किती दिवस थांबवायचे?

आदिवासी विद्यार्थ्यांची स्वयं योजना, इतर मागासवर्गीयांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आर्थिक मागासांचा वसतिगृह भत्ता, या सगळ्यांबाबत आमचे म्हणणे तेच आहे. भत्ता महिन्याच्या महिन्याला, दहा तारखेच्या आत खात्यात यावा. रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावी. अर्जात त्रुटी असेल तर ती एकदाच आणि एकत्र सांगावी. दर पंधरा दिवसांनी नवी त्रुटी काढू नये.

दुष्काळ जाहीर झालेल्या भागात परीक्षा शुल्क माफ होते. पण महाविद्यालये आधी शुल्क घेतात आणि परतावा मिळेल असे सांगतात. तो मिळेपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेलेला असतो. महसूल मंडळ दुष्काळी म्हणून जाहीर असेल तर शुल्क घेऊच नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या 'कमवा आणि शिका'वर पिढ्या उभ्या केल्या, ती योजना आजही विद्यापीठांत आहे. तीत बाग झाडणे, ग्रंथालयातली पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे अशी कामे आम्ही आनंदाने करतो. फक्त तासाचा दर किमान वेतनाच्या अकुशल कामगाराच्या दराइतका करावा. स्वावलंबन शिकवताना मजुरी कमी देऊ नये.

शिकवायला माणूस

सत्र जूनमध्ये सुरू होते आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक अनेक ठिकाणी गणेशोत्सवानंतर येतात. मग पाच घटक दीड महिन्यात 'उरकतात'. ज्या विषयाला सत्र सुरू होताना शिक्षक नाही, त्या विषयाचे शुल्क घेऊ नये, अशी आमची साधी मागणी आहे.

याचा आमच्या पुढच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. वर्गात हुशार असलेल्या मुलाला सर म्हणतात, नेट दे, सेट दे, प्राध्यापक हो. सांगणारे सर स्वतः सेट आणि पीएच.डी. झालेले असतात. ते सकाळी एका महाविद्यालयात दोन तास घेतात, मग मोटारसायकलवर पंचवीस किलोमीटर जाऊन दुसऱ्या महाविद्यालयात दोन तास घेतात, आणि मानधन सत्र संपल्यावर मिळाले तर मिळते. उन्हाळ्यात तेही नसते. त्यांचा सल्ला आम्ही मनापासून ऐकतो आणि मग त्यांच्या गाडीकडे बघतो. रिक्त पदे पूर्णवेळ भरा, ही मागणी प्राध्यापक संघटनांची समजू नये. ती आमचीही आहे.

सहावे सत्र आणि त्यानंतर

नव्या रचनेत कार्यानुभव प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, चार श्रेयांकांचे आहे. साधारण १२० तास. कल्पना उत्तम आहे. पण तालुक्याच्या गावात ते करायचे कुठे? पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, जिनिंग, महा-ई-सेवा केंद्र, मेडिकल. तिथे एक-दोघे मावतात, वर्गात साठ असतात. उरलेले मामाच्या दुकानाचा शिक्का आणतात. महाविद्यालयाला हे ठाऊक आहे, मामाला ठाऊक आहे, आणि श्रेयांक मिळतात.

खरे काम आहे, ते शोधणारा नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांतले निजामकालीन कागद बाहेर निघाले आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध झाली. त्याच तालुक्यांत इतिहास शिकणारी मुले १२० तास कुठे घालवावेत या विवंचनेत असतात. त्यांना एक सत्र मोडी शिकवून तहसीलच्या अभिलेख कक्षात बसवले तर कागदही जपले जातील आणि मुलाच्या हाताला एक कसब लागेल. तेरच्या वस्तुसंग्रहालयात, नळदुर्ग-औशाच्या किल्ल्यांवर वाटाड्या आणि नोंदणीचे काम आहे. भूगोलाच्या मुलांना भूजल विभागाबरोबर विहिरींची पाणीपातळी मोजायला पाठवता येईल. वाणिज्यच्या मुलांना गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब लिहायला. असे करार एकेकट्या महाविद्यालयाकडून होणार नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालय आणि विद्यापीठ यांनी मिळून प्रत्येक जिल्ह्याची प्रशिक्षण-जागांची यादी पाचव्या सत्रातच जाहीर करावी आणि प्रवासखर्च द्यावा.

आता चौथे वर्ष. संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे पहिली तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात सहावे सत्र संपवेल. पुढे तिच्यासमोर दोन वाटा असतील: तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए., किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स आणि मग एका वर्षाचे एम.ए. चौथ्या वर्षी संशोधन घ्यायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. पण आमच्या महाविद्यालयात चौथे वर्ष असेल का? त्यासाठी मार्गदर्शक शिक्षक आहेत का? नसतील तर ते शहरात करायचे, म्हणजे पुन्हा कॉट, पुन्हा मेस. घरी विचारतात, 'अजून एक वर्ष कशाला?' आणि याचे उत्तर आमच्याकडे नसते, कारण प्राचार्यांकडेही नसते. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयाचे चौथे वर्ष चालेल, जागा किती, शुल्क किती, ही यादी सहावे सत्र सुरू होण्याआधी हवी. तालुक्याच्या ठिकाणी किमान एका महाविद्यालयात ती सोय करावी.

भरती

पदवी संपली की आमच्यातले बहुसंख्य स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत जातात. हे आम्ही अभिमानाने सांगत नाही आणि लाजतही नाही. वर्षानुवर्षे दिसणारी सरकारी नोकरी हीच एक पगाराची नोकरी ज्या गावात असते, तिथे दुसरे काय होणार? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,०००, राखीवला ९०० रुपये होते. बापाने सोयाबीनच्या पट्टीतून दिलेले ते पैसे होते. त्याआधी मार्च २०१९ ला जाहिरात निघालेली जिल्हा परिषदांची भरती परीक्षा न होताच २०२२ मध्ये रद्द झाली. साडेतीन वर्षे. त्यात कोणाचे वय गेले, कोणाचे घर बसवायचे राहिले. वयोमर्यादा ३८ आणि ४३ पर्यंत आहे, म्हणून चिंता नको असे सांगणारे भेटतात. तीच तर चिंता आहे. मर्यादा वाढवून मिळाली, वेळापत्रक मिळाले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली. मुले पुण्याच्या रस्त्यावर रात्र रात्र बसली तेव्हा तारीख बदलली. दोन कॅलेंडरे शेजारी ठेवून पाहण्याच्या कामासाठी आंदोलन लागू नये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तालुक्याच्या अभ्यासिकेत उत्तरे तपासून देणारे कोणी नाही, तेव्हा विद्यापीठाच्या विभागांनी आठवड्याला एक दिवस ते काम करावे.

शासनाकडे मागणी: सर्व सरळसेवा भरतींसाठी एकदाच नोंदणी आणि वर्षाला एकच शुल्क असावे. भरती रद्द झाली तर पूर्ण शुल्क ६० दिवसांत, न मागता परत यावे. जाहिरातीतच परीक्षा, निकाल आणि नियुक्ती यांच्या तारखा असाव्यात.

२०२४ ला आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळाले; आधी सहा महिने, पुढे आणखी पाच. त्यात गेलेल्या आमच्या मित्रांनी ग्रामपंचायतीत, शाळेत, दवाखान्यात मन लावून काम केले. मुदत संपली आणि ते परत अभ्यासिकेत आले. त्या अकरा महिन्यांना भरतीत काही गुण, काही वजन असणार की नाही, एवढे स्पष्ट सांगा. नसेल तर नाही म्हणा.

प्रत्येक महाविद्यालयात रोजगार कक्ष असतो, निदान त्याचा फलक असतो. त्याला वर्षातून एकदा मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत याची यादी लावायला सांगा. किती नोकरीत, किती शेतीत, किती अजून तयारीत. नव्याने प्रवेश घेणाऱ्याला ती आधी वाचायला मिळावी, मग त्याने विषय निवडावा. मूल्यांकन समिती येणार म्हणून केलेली यादी नको.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. आमच्या महाविद्यालयांत तो अजून नाही. नेमावा.

या पत्राला प्रत्येक मागणीनिहाय लेखी उत्तर द्यावे: मान्य, अमान्य, किंवा इतक्या तारखेपर्यंत. अमान्य असेल तर कारण लिहावे. 'सकारात्मक विचार करू' हे आम्ही उत्तर धरणार नाही. चर्चेला बोलावल्यास आमचे पाच प्रतिनिधी येतील, त्यात किमान दोन मुली असतील. बैठक दुपारी एक ते चारच्या दरम्यान ठेवावी, कारण त्यानंतर परतीची शेवटची गाडी सुटते. हिवाळी परीक्षेचे वेळापत्रक जाहीर होण्याआधी उत्तर आले तर त्यातच निकालाची तारीख छापता येईल, आणि पहिली मागणी तिथेच मार्गी लागेल.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद विद्यार्थी

प्रत माहितीसाठी: सर्व संलग्न महाविद्यालयांचे मा. प्राचार्य, एसटी महामंडळाचे मा. विभाग नियंत्रक